वस्तीत जाण्याआधी महिला मंडळाला भेट

गोवंडीत काम सुरू करतेयस, फार बरं वाटलं. पण संस्थेचा बॅनर घेऊन थेट आरोग्य शिबिर लावू नकोस. आधी तिथलं महिला मंडळ, बचत गट आणि अंगणवाडी ताईंना भेट. कुठल्या गल्लीत बाळंतीण आहे, कोणाचं मूल गावी गेलंय, हे त्यांनाच ठाऊक असतं. बैठकीची वेळही त्यांनाच ठरवू दे. नळाला पाणी यायच्या वेळी कोणी येणार नाही.

कुपोषण ओळखायला मुलाच्या दंडाचा घेर मोजायची पट्टी असते, ती वापरायला नीट शिकून घे. ६ महिने ते ५ वर्षांच्या मुलाचा डावा दंड, खांदा आणि कोपराच्या बरोबर मध्ये, पट्टी न आवळता मोजायचा. ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी भरला तर मूल तीव्र कुपोषित. हा आकडा चारचौघांत बोलू नकोस, आईला फार लागतं. रुग्णालयात जायची नुसती चिठ्ठीही देऊ नकोस. मंडळातली एखादी बाई सोबत गेली की पालिकेच्या रुग्णालयातली रांग आईला सोसते, आणि ती पुन्हाही जाते.

डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी १९९९ साली उभ्या केलेल्या ‘स्नेहा’ या संस्थेचं धारावीतलं काम जरूर बघून ये.

आणि अहवालात मंडळाचं नाव आपल्या नावाच्या आधी लिही.