वाचकांचे प्रश्न : ‘मी घेतले की बाळ रडते’

प्रश्न : मी चाकणच्या एका कारखान्यात नोकरी करतो. पत्नी पहिल्या बाळंतपणासाठी बार्शीला माहेरी गेली असून मुलगी आता सात आठवड्यांची आहे. मी शनिवारी रात्री पोहोचतो आणि रविवारी संध्याकाळी निघतो. मुलीला मी घेतले की ती रडू लागते आणि सासूबाई लगेच तिला आपल्याकडे घेतात. बाळाला पाहून ऊर भरून येतो असे सगळे म्हणतात. मला मात्र आपण दुसऱ्या कुणाचे मूल धरले आहे असेच वाटते. यावर उपाय काय? – एक वाचक, पुणे

उत्तर : आधी रडण्याविषयी. जन्मानंतर दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून बाळांचे रडणे वाढत जाते, साधारण सहाव्या ते आठव्या आठवड्यात ते सर्वाधिक असते आणि तीन-चार महिन्यांपर्यंत बरेच ओसरते. तुम्ही नेमके त्या काळात जात आहात. अनोळखी माणसाला पाहून बिचकण्याचे वय साधारण सहा महिन्यांनंतर सुरू होते. त्यामुळे मुलगी तुम्हाला नाकारते आहे, असा अर्थ काढू नका.

खरी अडचण मला तुमच्या जावईपणात दिसते. सासुरवाडीत तुमच्यासाठी खुर्ची पुढे येते, चहा येतो आणि मग दूध पिऊन, काजळतीट लावून तयार झालेले बाळ तुमच्या मांडीवर ठेवले जाते. ते रडले की उचलून नेले जाते. अशाने माया कशी जडणार? ती बहुतेकांना पाहताक्षणी वाटत नाही. बाळाचे करता करता जडते, आणि आईच्या बाबतीतही पुष्कळदा असेच घडते. म्हणून एक काम मागून घ्या. मागणे पत्नीमार्फत असले तर सासूबाईंनाही ते रुसव्याचे वाटणार नाही.

ढेकर काढण्याचे काम तुमच्यासाठी उत्तम. अंगावर पाजून झाले की मुलीला उभी धरून तिची हनुवटी आपल्या खांद्यावर येऊ द्या, एका हाताने मान व डोके सावरा आणि दुसऱ्या हाताची ओंजळ करून पाठीवर हलकेच थोपटा. ढेकर यायला कधी पाच मिनिटे लागतात, कधी पंधरा. दुधाची गुळणी शर्टावर येईल, म्हणून खांद्यावर जुने धुतलेले धोतर टाका. त्यानंतर तिला हातावर आडवी घेऊन बोला. या वयात बाळाला जवळचेच नीट दिसते, साधारण वीतभर किंवा थोडे अधिक, म्हणून चेहरा जवळ न्या. ती रडलीच, तर लगेच परत न देता फेऱ्या मारा, पण भूक लागली असेल तर अर्थातच आईकडे द्या. वैतागून बाळाला कधीही गदागदा हलवू नका. राग अनावर होत असेल तर तिला पाळण्यात ठेवून दोन मिनिटे बाहेर जा.

उघड्या छातीवर बाळाला धरण्याचाही उपयोग होतो. कमी वजनाच्या बाळांसाठी ही पद्धत 1970च्या दशकाच्या अखेरीस कोलंबियातील बोगोटा येथे सुरू झाली आणि आज आपल्याकडील नवजात विभागांतही वडिलांना तसे बसवतात. सुदृढ बाळालाही ते मानवते. फक्त तसे धरून स्वतः झोपी जाऊ नका.

परकेपणाबरोबर झोप उडणे, सतत चिडचिड किंवा कशातच मन न लागणे दोन आठवड्यांहून अधिक टिकले, तर डॉक्टरांना भेटा. प्रसूतीनंतरचे नैराश्य वडिलांनाही येते.

राहता राहिली रजा. केंद्र सरकारच्या पुरुष कर्मचाऱ्यांना 15 दिवसांची पितृत्व रजा मिळते व ती प्रसूतीपासून सहा महिन्यांत घेता येते. खाजगी कारखान्यांवर मात्र तसे कायद्याचे बंधन नाही, म्हणून तुमच्या कंपनीचा नियम विचारून घ्या. हाती असलेली रजा बार्शीच्या फेऱ्यांत संपवण्याऐवजी मायलेकी पुण्यात परततील त्या पहिल्या आठवड्यासाठी राखून ठेवा. तेव्हा सासूबाई शेजारी नसतील आणि रात्रीच्या दुपट्यांपासून सकाळच्या अंघोळीपर्यंत सगळे तुम्हा दोघांनाच करायचे असेल.