कॉन्टॅक्ट लेन्स असताना पोहायचे असेल, तर डोळ्यांच्या संरक्षणासाठी कोणता गॉगल घ्यावा?

आपण लिहिले आहे की रोज सकाळी तलावात पोहून आल्यावर डोळे लाल होतात व चुरचुरतात, तलावात क्लोरीन जास्त टाकत असावेत अशी आपल्याला शंका आहे, आणि लेन्स घालून निर्धास्तपणे पोहता येईल असा गॉगल आपल्याला हवा आहे. लेन्स घालून निर्धास्तपणे पोहता येत नाही. गॉगल कितीही महागाचा घेतला तरी येत नाही. हे मी माझ्या डाव्या डोळ्याच्या अनुभवावरून सांगते आहे.

चुरचुरण्याचे आधी सांगते, कारण ते सोपे आहे. डोळ्यांना झोंबते ते बहुतेक वेळा नुसते क्लोरीन नसते. पोहणाऱ्यांचा घाम आणि लघवी यांच्याशी क्लोरीनचा संयोग होऊन क्लोरामाइन नावाची द्रव्ये तयार होतात. तलावाचा तो उग्र वास आणि डोळ्यांची आग ही मुख्यतः त्यांची करणी असते. म्हणून ज्या तलावाला जास्त वास येतो त्याचे पाणी जास्त निर्जंतुक आहे, असे समजणे चूक आहे. पाण्याचा सामू (pH) 7.2 ते 7.8 च्या दरम्यान राखला, पाण्यात उतरण्यापूर्वी प्रत्येकाने खरोखर अंघोळ केली आणि आपण नीट बसणारा गॉगल लावला, तर ही तक्रार बरीच कमी होते. पाण्यातून आल्यावर तासा-दोन तासांत उतरणाऱ्या लालीची मला फारशी चिंता वाटत नाही.

चिंता वाटते ती लेन्सची. मी सांगलीची. आठव्या वर्षी मळ्यातल्या विहिरीत पाठीला पत्र्याचा डबा बांधून पोहायला शिकले, आणि मला शिकवले ते माझ्या थोरल्या भावाने. तेव्हा चष्मा नव्हता. पुढे नंबर वाढत वाढत उणे सहावर गेला. 2016 च्या उन्हाळ्यात पाठदुखीसाठी पुन्हा पोहायला सुरुवात केली, तेव्हा चष्म्याशिवाय तलावाचे दुसरे टोकही दिसत नसे. म्हणून महिनाभर वापरायच्या मऊ लेन्स घालून, वर गॉगल लावून मी पाण्यात उतरू लागले. गॉगल डाव्या बाजूने थोडा गळत असे. प्रत्येक फेरीनंतर तो उचलून पाणी सांडायचे आणि पुन्हा लावायचा, एवढेच मी करत असे; आणि त्याच लेन्स डोळ्यांत ठेवून दिवसभर शाळेत शिकवत असे. यात काही चुकते आहे असे मला कोणी सांगितले नव्हते आणि मीही कोणाला विचारले नव्हते.

तिसऱ्या महिन्यात डाव्या डोळ्यात कुसळ गेल्यासारखे टोचू लागले. दोन दिवसांत डोळा लाल झाला आणि उजेड सहन होईना. ज्या डॉक्टरांकडे प्रथम गेले, त्यांनी नागिणीच्या विषाणूची जखम म्हणून उपचार सुरू केले आणि काही दिवसांनी स्टेरॉइडचे थेंबही दिले. थेंबांनी चार दिवस बरे वाटले. त्यानंतर जे दुखणे सुरू झाले त्याचे वर्णन मला आजही करता येत नाही. तीन आठवडे मी दारे-खिडक्या बंद करून, डोळ्यांवर ओढणी बांधून पडून होते. शेवटी पुण्याला नेले. तेथील कॉर्नियाच्या, म्हणजे बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याच्या, डॉक्टरांनी डोळा तपासण्याआधीच विचारले, "लेन्स घालून पाण्यात जात होता का?" त्यांनी कॉर्निया खरवडून नमुना सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला आणि त्यात अकँथामिबाची कवचे सापडली.

हा एकपेशीय जीव माती, नदी, विहीर, तलाव, इतकेच काय, घरच्या नळाच्या पाण्यातही असतो. परिस्थिती प्रतिकूल झाली की तो स्वतःभोवती जाड कवच करून घेतो, आणि तलावात घालतात तेवढ्या क्लोरीनने ते कवच मरत नाही. एरवी अश्रू आणि कॉर्नियाचा धडधाकट पृष्ठभाग त्याला आत शिरू देत नाहीत. मऊ लेन्सला मात्र तो चिकटतो, आणि लेन्सच्या घर्षणाने कॉर्नियावर जे बारीक ओरखडे उठतात तेथून आत जातो. सुरुवातीला तो नागिणीच्या जखमेसारखा दिसतो, त्यामुळे पहिल्या डॉक्टरांची चूक मी समजू शकते; परंतु लेन्सविषयी एक प्रश्न त्यांनी विचारायला हवा होता, हे माझे म्हणणे कायम आहे.

उपचार म्हणजे पहिले काही दिवस रात्रंदिवस दर तासाला थेंब. दादा गजर लावून रात्री उठत असे आणि थेंब घालत असे. दिवसाचे काम माझ्या यजमानांकडे होते. पुढे थेंबांचे प्रमाण कमी होत गेले, पण ते पूर्ण बंद व्हायला सात महिने लागले. डोळा वाचला, पण त्यात फूल पडले ते पडलेच. आज त्या डोळ्याने मला तक्त्यावरच्या वरच्या तीन ओळी वाचता येतात.

दादाने माझ्यासाठी जे केले ते मी विसरणार नाही. तरीही तेव्हापासून तो जे म्हणत आला आहे ते चूक आहे. "तलावाच्या घाण पाण्याने तुझा डोळा घेतला, कृष्णेत पोहली असतीस तर काही झाले नसते," हे त्याचे वाक्य घरात सर्वांना पाठ आहे. कृष्णेतही अमिबा असतो. आपल्या देशात हा आजार झालेल्यांत लेन्स कधीही न घातलेले पुष्कळ लोक असतात. शेतात डोळ्यात काडी-कचरा गेला, वर गढूळ पाण्याने डोळा धुतला, एवढे कारण त्यांना पुरते. आणि या मे महिन्यात मला कळले की माझी सोळा वर्षांची भाची लेन्स घालून, वर गॉगल लावून तलावावर जाते, आणि तिला तेथे सोडायला दादाच जातो. मी विचारले तर म्हणाला, "आता तलाव चांगला आहे आणि गॉगलही भारीचा आहे." तेव्हा पाणी वाईट होते आणि आता पाणी चांगले आहे, लेन्सचा त्याच्या हिशेबात कोठे उल्लेखच नाही. अमिबापासून पाणी तेव्हाही सुटले नव्हते आणि आजही सुटलेले नाही, हे त्याने मान्य करावे एवढीच माझी अपेक्षा आहे.

भाचीला मी नंबरचा गॉगल आणून दिला, आणि आपल्यालाही तोच घ्या असे सांगते. लेन्स घरी ठेवायच्या. असे गॉगल अर्ध्या-अर्ध्या नंबराच्या अंतराने तयार मिळतात आणि काहींत दोन्ही डोळ्यांना वेगवेगळा नंबर बसवता येतो. सिलिंडरचा नंबर सहसा मिळत नाही. त्याचा अर्धा मूळ नंबरात मिळवून घेतात, म्हणजे उणे चार आणि सिलिंडर उणे एक असेल तर उणे साडेचार. चष्म्याइतके स्पष्ट दिसणार नाही, पण पोहायला पुरते. घेताना पट्टा न लावता गॉगल डोळ्यांवर दाबून पाहा. क्षणभर तरी तो आपोआप चिकटून राहिला पाहिजे. गळणारा गॉगल पट्टा आवळून सुधारत नाही. आतल्या बाजूला बोट फिरवू नका, धुके धरू नये म्हणून दिलेला लेप निघून जातो. काढताना ताणून पुढे ओढू नका, हातातून सुटला तर डोळ्यावर आदळतो.

काचबिंदू असणाऱ्यांनी किंवा डोळ्याची शस्त्रक्रिया झालेल्यांनी आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घट्ट गॉगल लावू नये, कारण त्याने डोळ्यातील दाब काहीसा वाढतो. लेन्स न वापरणाऱ्यांनी माझी हकिकत वाचून पोहणे सोडू नये. हा आजार दुर्मीळ आहे. आणि एखाद्या दिवशी लेन्स घालून पाण्यात जाणे झालेच, तर ती एका दिवसाची असावी आणि बाहेर येताच, हात धुऊन व कोरडे करून, काढून टाकून द्यावी. त्या लेन्स नळाच्या पाण्याने धुऊन पुन्हा घालू नयेत.

दुसऱ्या दिवशीही डोळा लाल राहिला, दुखू लागला किंवा उजेड सहन होईना, तर औषधांच्या दुकानातून थेंब आणू नका, नेत्रतज्ज्ञांकडे जा. मी लेन्स वापरते आणि पोहते, हे पहिल्याच वाक्यात त्यांना सांगा, त्यांनी विचारण्याची वाट पाहू नका.