यकृताचा 'प्रहर' म्हणावं का?

प्रश्न असा आलाय: चिनी वैद्यकावरच्या लेखाचं भाषांतर करताना 'रात्री १ ते ३ हा यकृताचा प्रहर' असं लिहिलं तर चालेल का?

कानाला गोड लागतं, पण मी लिहिणार नाही. प्रहर म्हणजे साडेसात घटका, तीन तास. दिवसरात्र मिळून ते आठच. म्हणून तर माणूस अष्टौप्रहर राबतो आणि दोन प्रहर उलटले की 'दुपार' होते. चिनी दिवसाचे भाग मात्र १२. त्यांना प्रहर म्हटलं तर दिवस ३६ तासांचा व्हायचा!

त्या भागाला चिनीत 'शृछन' म्हणतात. एक शृछन दोन तासांचा, आपल्या हिशेबाने बरोबर पाच घटका. आजच्या ६० मिनिटांच्या तासाला चिनी माणूस 'श्यावशृ', म्हणजे 'धाकटा शृ' म्हणतो. जुन्या मापाच्या निम्मा भरला म्हणून धाकटा. मला हा शब्द फार आवडतो.

प्रत्येक शृछनाला एक प्राणी आणि वैद्यकात एक अवयव जोडलेला. रात्री ११ ते १ 'त्झ', उंदराचा आणि पित्ताशयाचा. मग १ ते ३ 'छौ', बैलाचा आणि यकृताचा. ३ ते ५ फुफ्फुसांचा. 'त्झ'च्या बरोबर समोर, सकाळी ११ ते दुपारी १ 'वू', घोड्याचा आणि हृदयाचा. मध्यरात्र 'त्झ'च्या पोटात पडते, माध्यान्ह 'वू'च्या. या दोन वेळांना विश्रांती घ्यावी, रात्री गाढ झोप आणि दुपारी डुलकी, याला 'त्झवू-च्याव' असं जोडनाव आहे. तेच 'त्झ' आणि 'वू' दिशांमध्ये उत्तर आणि दक्षिण होतात, त्यामुळे आपल्या याम्योत्तर रेषेला ते 'त्झवू' रेषा म्हणतात.

त्या डुलकीला 'वामकुक्षी' म्हणायचा मोहही टाळा. वामकुक्षी जेवणाशी आणि डाव्या कुशीशी बांधलेली. चिनी 'वूश्वे' नावातच 'वू'ची वेळ घेऊन येते.

'प्रहर' वापरायचाच असेल तर तो 'गंग'साठी राखून ठेवा. 'गंग' म्हणजे रात्रीचा पहारा. रात्रीचे असे पाच, आणि पहारेकरी ठोके देत फिरायचा. लांबी जुळत नाही, पण आपला 'पहारा'ही प्रहरातूनच आलाय, तेव्हा नातं खरं आहे.

मग यकृताचं काय? सरळ 'यकृताची वेळ' लिहा, आणि पहिल्यांदा येईल तिथे 'शृछन, म्हणजे पाच घटका' एवढं सांगा. तळटीप द्यायचीच तर वेगळी द्या: हे तास मुळात सूर्याचे आहेत. आज सबंध चीनमध्ये १२० अंश पूर्व रेखांशाची एकच वेळ चालते. पार पश्चिमेच्या काशगरमध्ये घड्याळात रात्रीचा १ वाजतो तेव्हा सूर्यमानाने जेमतेम दहा झालेले असतात.