शाळा चांगली आहे, हे आईने कसे तपासावे?

प्रश्न : माझी मुलगी गावच्या जिल्हा परिषद शाळेत तिसरीला आहे. पहिली ते चौथीचे मिळून ३८ विद्यार्थी आणि दोन शिक्षक आहेत. दोन्ही वर्षी तिला प्रगतिपत्रकात अ-१ श्रेणी मिळाली. परंतु गावातील बरीच मुले आता तालुक्याच्या कॉन्व्हेंटच्या गाडीने जातात आणि तिलाही तिकडे घालावे, असा घरच्यांचा आग्रह आहे. मी दहावीपर्यंत शिकले आहे. शाळेत खरोखर शिकवले जाते की नाही, हे माझ्यासारखीने कसे ओळखावे?
– एक आई, यवतमाळ जिल्हा

उत्तर : ताई, प्रगतिपत्रकावरची श्रेणी आणि गाडीवर रंगवलेले शाळेचे नाव या दोन्ही गोष्टी क्षणभर बाजूला ठेवा आणि मुलीला काय येते, ते स्वतः पाहा. त्यासाठी दहावीचे शिक्षण पुरेसे आहे. ‘प्रथम’ या संस्थेने २००५ पासून सुरू केलेल्या ‘असर’ पाहणीत खेडोपाडी हेच केले जाते : स्वयंसेवक घरी जाऊन एकेका मुलाजवळ बसतात, त्याच्याकडून अक्षरे, शब्द, पहिलीच्या पातळीचा उतारा आणि दुसरीच्या पातळीची गोष्ट वाचून घेतात, आणि मग आकडे ओळखणे, हातच्याची वजाबाकी व भागाकार विचारतात.

आपण दुसरीच्या पातळीची, पण तिने कधी न पाहिलेली एक गोष्ट निवडा. तिच्या पाठ्यपुस्तकातला धडा देऊ नका, कारण अनेक मुलांना तो वर्गात ऐकून पाठ झालेला असतो आणि बोट ओळीवरून फिरत असले तरी डोळे अक्षरे वाचत नसतात. ती जोडाक्षरांवर अडते का, ओळ सोडते का, हे शांतपणे ऐका आणि पुस्तक मिटून गोष्ट सांगायला लावा. सांगताना ती ‘माझ्या’ऐवजी ‘माह्या’ म्हणाली, तर ती चूक मानू नका; वाचलेले आपल्या घरच्या बोलीत सांगता येणे ही ते समजल्याचीच खूण आहे.

गणितात पाटीवर ४२ वजा १७ मांडून द्या. उत्तर ३५ आले, तर तिने सातातून दोन आणि चारातून एक वजा केले आहे, म्हणजे हातच्याचा अर्थ तिला कळलेला नाही. अशा वेळी तोंडी विचारा : ‘तुझ्याजवळ ४२ रुपये आहेत आणि दुकानातून १७ रुपयांचे सामान आणले, तर किती उरतील?’ तोंडी २५ हे बरोबर उत्तर देणारी, पण पाटीवर चुकणारी मुले मी पुष्कळ पाहिली आहेत. त्यांची बुद्धी कमी नसते. एकक-दशक त्यांना केवळ रीत म्हणून शिकवले गेलेले असते. पऱ्हाटीच्या काड्यांचे दहादहाचे गठ्ठे बांधून आणि सोडून हे थोड्या दिवसांत समजावता येते.

यानंतर मुख्याध्यापकांची परवानगी घेऊन एखादा तास वर्गात बसा. शिक्षण हक्क कायद्यानुसार पहिली ते पाचवीसाठी ६० विद्यार्थ्यांपर्यंत दोन शिक्षक असतात. त्यामुळे आपल्या शाळेत शिक्षक कमी आहेत असे कायद्याच्या भाषेत म्हणता येणार नाही, पण एका शिक्षकाकडे दोन वर्ग असणारच. म्हणून माझ्या मते सर्वांत महत्त्वाची खूण ही, की सर तिसरीला शिकवत असताना चौथीची मुले काय करतात. ती फळ्यावरचे नुसते उतरवून घेत असतील, तर त्यांचा निम्मा दिवस वाया जातो; गटात वाचत असतील, गणिते सोडवून एकमेकांची तपासत असतील, तर त्या शिक्षकांनी विचारपूर्वक आखणी केली आहे. मागच्या रांगेत गप्प बसणाऱ्या मुलाकडे ते दिवसातून एकदा तरी जातात का, हेही बघा. प्रत्येक मुलाची शिकण्याची क्षमता तपासणे आणि गरजेनुसार जादा शिकवणे हे कायद्याच्या कलम २४ नेच शिक्षकांवर सोपवलेले कर्तव्य आहे.

त्रुटी दिसल्या, तर एकट्याने शिक्षकांशी वाद घालण्यापेक्षा शाळा व्यवस्थापन समितीत विषय मांडा. या समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि एकूण सदस्यांत निम्म्या महिला असाव्या लागतात. पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० दिवस व ८०० तास अध्यापन बंधनकारक आहे. ते प्रत्यक्ष किती झाले, शिक्षक इतर कामांसाठी किती दिवस बाहेर होते आणि कापूस वेचणीच्या दिवसांत मुलांची हजेरी किती होती, हे तेथे विचारा. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आपल्या पालकांनाही द्यावे लागेल. कारण वेचणीसाठी घरी ठेवलेल्या मुलाचे न शिकणे शिक्षकांच्या माथी मारणे योग्य नाही.

कॉन्व्हेंटविषयी निर्णय घेण्यापूर्वी तिकडे जाणाऱ्या गावातल्याच दोन-तीन मुलांना, त्यांच्या आईवडिलांना विचारून, हीच गोष्ट आणि हीच वजाबाकी द्या. त्यांच्या इंग्रजी पुस्तकातील एक परिच्छेदही वाचून घ्या आणि त्याचा अर्थ मराठीत विचारा. अर्थ सांगता आला, तर ती शाळा विचारात घेण्यासारखी आहे. नुसते खडाखडा वाचता आले आणि अर्थ मात्र सांगता आला नाही, तर फी आणि गाडीभाडे कशासाठी भरायचे, हे घरच्यांसमोर मांडणे आपल्याला सोपे जाईल. मुलीची पहिली चाचणी याच आठवड्यात घेऊन तारखेसह वहीत लिहून ठेवा, संक्रांतीनंतर त्याच पातळीची दुसरी गोष्ट द्या, आणि या दोन नोंदींमध्ये ती किती पुढे गेली ते पाहूनच पुढच्या वर्षीच्या शाळेचे ठरवा.