'सॅक्रिलेजिअस' शब्दात 'रिलिजिअस' आहे का?

नाही, 'सॅक्रिलेजिअस'मध्ये (sacrilegious, म्हणजे पवित्र गोष्टीची विटंबना करणारा) 'रिलिजिअस' (religious, म्हणजे धार्मिक) जोडलेला नाही, हा शब्द मुळात देवळातल्या चोरीचा आहे. लॅटिनमध्ये 'साकेर' म्हणजे पवित्र आणि 'लेगेरे' म्हणजे वेचणे, उचलणे. म्हणून 'साक्रिलेगुस' म्हणजे देवाच्या वस्तू उचलून नेणारा. आपल्याकडे संस्कृतातला 'देवस्वहरण' याच्या अगदी जवळ जातो. पुढे अर्थ पसरला आणि पवित्र गोष्टीची कुठलीही विटंबना त्यात आली. जुना अर्थ मात्र कायद्यात बराच टिकला: इंग्लंडच्या १९१६च्या चोरीविषयक कायद्यात 'सॅक्रिलेज' हा प्रार्थनास्थळ फोडून केलेल्या गुन्ह्यासाठीच होता, आणि तो १९६८च्या कायद्याने गेला. स्पेलिंग बघा, फरक तिथेच दिसतो: 'रिलिजिअस'मध्ये आरनंतर ई आणि एलनंतर आय, इथे नेमके उलट. उच्चारात दोन्ही सारखे झाल्यामुळे भलेभले इथे चुकतात.

एक गोष्ट ध्यानात ठेवा. 'रिलिजन'ची व्युत्पत्ती वादातली आहे. रोमन विचारवंत सिसेरोने ती 'रेलेगेरे'शी (पुन्हा पुन्हा वाचणे, मनन करणे) जोडली, ख्रिस्ती लेखक लॅक्टान्शियसने 'रेलिगारे'शी (बांधणे). सिसेरो बरोबर असेल, तर 'लेगेरे' हा धातू दोन्हीकडे येतो. पण तेवढ्याने एक शब्द दुसऱ्यापासून बनला असे होत नाही.