पहिलं घड्याळ जोडायचं तं मशीनपासून सुरू कर, डायलपासून नाही

भाऊ, तू तीन गोष्टी विचारल्या. दहा हजारांत घरीच ऑटोमॅटिक, म्हणजे हातावर हलून आपोआप चावी भरणारं, घड्याळ जोडता येईल का, बाबांची बंद पडलेली एचएमटी जनता आहे तिचं मशीन काढून डायव्हरवाल्या (पाणबुड्यांच्या घड्याळासारख्या) केसमध्ये, म्हणजे बाहेरच्या डब्यात, बसेल का, आणि तू जो निळा सीको लिहिलेला डायल पाहून ठेवला तो मागवू का. तिन्हीचं सांगतो, थोडं लांबेल.

आधी जनता. तिला हात नको लावू. भावनेचं बाजूला ठेव, नुसतं मापाचं बघ. जनता म्हणजे चावीचं घड्याळ, १७ ज्वेलचं (आत घर्षण कमी करणारे खडे), तासाला १८,००० ठोके. एचएमटीनं १९६१ मध्ये जपानच्या सिटिझनसोबत बंगळुरात घड्याळं सुरू केली, त्याच घराण्यातलं हे मशीन. आज ऑनलाइन ज्या केसा मिळतात त्या याच्यासाठी बनलेल्याच नाहीत, काट्यांची भोकं वेगळी, डायलचे पाय (मागच्या बारीक पिना) वेगळ्या जागी, स्टेम (चावीची दांडी) केसच्या भोकासमोर येईलच असं नाही, म्हणजे प्रत्येक ठिकाणी घासा, चिकटवा, रिंग बनवा असं करत बसावं लागेल, आणि पहिल्याच घड्याळात हे कोणी करू नये. त्यात एचएमटीची घड्याळं बंद करायचा निर्णय सरकारनं २०१६ मध्ये घेतला, आता पार्ट लागला तं दुसऱ्या जुन्या घड्याळातूनच काढावा लागतो. बंद आहे म्हणजे बहुतेक आतलं तेल सुकून राहिलं असेल. आपल्या नागपुरात बर्डी-महालात जुने घड्याळवाले काका अजून बसतात, त्यांच्याकडून सर्व्हिसिंग करून आण अन् घाल. फक्त ते "डायल नवा रंगवून देतो" म्हणाले तं हात जोडून नाही म्हण. ऑनलाइन ज्या पोपटी-जांभळ्या जनता विकून राहिले न, त्यातल्या बहुतेक अशाच रंगवलेल्या आहेत.

आता मुद्द्याचं. नवीन माणूस आधी डायल पसंत करतो, मग त्याला शोभणारे काटे, मग केस, आणि शेवटी विचारतो की यात मशीन कोणतं बसेल. हे उलटं आहे. पार्ट दिसायला कितीही जमून आले तरी एकमेकांत बसले नाहीत तं घरात नुसता डबाभर सामान होतं. आधी मशीन ठरव, मग केस, मग डायल, काटे सगळ्यात शेवटी.

मशीन डोळे मिटून सीकोचं एनएच३५ घे. सीकोच्या स्वतःच्या घड्याळात जे ४आर३५ असतं तेच हे, दुसऱ्या कंपन्यांना विकायचं नाव एनएच३५. २४ ज्वेल, तासाला २१,६०० ठोके म्हणजे सेकंदाला सहा, पूर्ण भरलं तं ४१ तास चालतं, हातानं चावी देता येते आणि चावी ओढली की सेकंद काटा थांबतो. जुन्या ७एस२६ मध्ये या शेवटच्या दोन्ही गोष्टी नव्हत्या. मॉडिंगचा, म्हणजे घड्याळाचे पार्ट बदलायचा, हा सगळा बाजार मुळात त्याच ७एस२६ वाल्या एसकेएक्स००७ मुळे उभा राहिला, १९९६ चं घड्याळ, स्वस्त, मजबूत, लोकांनी काच बदलली, बेझल (काचेभोवतीचं कडं) बदललं, काटे बदलले, आणि २०१९ च्या आसपास ते बंद झालं तोवर बाहेरच्या लोकांनी त्या मापाचं सगळंच बनवायला घेतलं होतं. म्हणून आज सीकोच्या मशीनला पार्ट मिळतात तेवढे दुसऱ्या कशाला मिळत नाहीत. मियोटा पण चांगलंच, ते तं सिटिझनचंच, पण त्याच्या काट्यांची भोकं वेगळी असतात, तेव्हा "मियोटासाठी" लिहिलेले काटे स्वस्त दिसले म्हणून उचलू नको. एनएच३५ ला तास काटा १.५० मिमी, मिनिट ०.९०, सेकंद ०.२० अशी भोकं लागतात. हे आकडे मोबाईलमध्ये लिहून ठेव आणि ऑर्डर करताना जुळवून पाहा.

सगळ्यात जास्त लोक जिथं फसतात ते आता. चावी कुठं आहे? साध्या घड्याळात ३ च्या समोर असते. एसकेएक्ससारख्या केसमध्ये ती ४ च्या जरा वर असते, त्याला ३.८ म्हणतात. त्या केसमध्ये मशीन फिरवून बसवावं लागतं, मग डायलच्या पायांची जागाही फिरते, आणि तारखेची चकती पण तिरपी होते, म्हणजे ३ च्या चावीची चकती ३.८ च्या केसमध्ये टाकली की खिडकीत तारीख वाकडी दिसते. त्यासाठी ३.८ साठी छापलेली वेगळी चकती घ्यावी लागते. तुझा निळा डायल ३ चा आहे का ३.८ चा, हे वर्णनात लिहिलेलं असतं, वाच. काही डायलला चार पाय असतात, दोन ठेवायचे दोन कापायचे, तो डायल दोन्हीकडे चालतो. पहिल्या वेळी माझं ऐकशील तं चावी ३ वर असलेली केस घे आणि तारीख नसलेला डायल घे, मग चकतीची भानगडच नाही. पण तारीख नसलेल्या डायलखाली एनएच३५ ठेवलं तं चावी ओढताना मध्ये एक रिकामा टप्पा लागतो, डायलखाली तारीख बदलून राहते अन् दिसत नाही. काही लोकांना ते खटकते, त्यांच्यासाठी एनएच३८ आहे, त्यात तारीखच नाही.

टूलचं लवकर आटपतो. चिमटा, आयग्लास (डोळ्याला लावायचं भिंग), बारीक कानस हे सगळं इतवारीत सराफा लाइनीकडे सोनारांच्या सामानात मिळून जाते, त्यासाठी बाहेरून मागवायची गरज नाही. काटे बसवायचं टूल, झाकण उघडायचं टूल, रबरी फुंकणी, बोटांच्या टोप्या आणि तो निळा-हिरवा चिकट गोळा, रोडिको, हे ऑनलाइन. दहा हजारांत घड्याळ बसेल, टूल धरून नाही बसणार, बारा-तेरा पकडून चाल. टूल तं पुढच्या घड्याळालाही कामात येतात.

काटे. इथं हळू हो.

बाकी सगळं जोडणीचं काम आहे, हात थरथरला तरी चालते, पण काट्याला नाही. आधी चावी ओढून मशीन पुढं फिरवत राहा, तारीख ज्या क्षणी टक् करून बदलते तिथं थांब. ते रात्रीचे बारा. मग तास काटा बरोबर १२ वर ठेव, टूलनं सरळ वरून दाब, तिरपा नाही. मिनिट काटा पण १२ वर. तारीख नसलेला डायल असला तरी चकती आत असेल तं असंच कर, पुढं कधी तारखेचा डायल टाकशील. आता एक एक तास फिरवून पाहा, मिनिट काटा बाराला आला की तास काटा आकड्यावर नीट येतो का. घड्याळ डोळ्याच्या उंचीला आडवं धर आणि बाजूनं पाहा, दोन्ही काटे समांतर पाहिजे, तास काटा डायलवरच्या उभ्या खुणांना घासायला नको. सेकंद काटा सगळ्यात वाईट. त्याची नळी म्हणजे ०.२० मिमी, खालची पिन केसासारखी, भोक पिनीवर आहे का हे दिसत नाही, जाणवते. रोडिकोच्या टोकानं उचल, पिनीवर टेकव, चिमट्यानं हळूच सरळ कर, बसलाय असं वाटलं की मगच दाब. जोर लागून राहिला म्हणजे तो पिनीवर नाही, बाजूला आहे. दाबशील तं पिन वाकली, आणि मग हजारो रुपयांचं मशीन एका काट्यापायी गेलं.

आणि हे काम पंखा-कूलर बंद करून. एप्रिल-मेमध्ये नागपुरात कूलर बंद म्हणजे काय ते तुला सांगायची गरज नाही, म्हणून सकाळी सहा-सातला बस. कूलरची हवा काट्याला उडवते हे तं आहेच, पण खरा त्रास ओलाव्याचा. कूलरच्या खोलीत किंवा जुलैच्या पावसात केस बंद केली तं ती ओली हवा आत राहते, आणि बाहेरच्या उन्हातून एसीच्या ऑफिसात गेला की काचेच्या आतून धुकं. आपली कोरडी सकाळ यासाठी चांगलीच, फक्त कोरड्या हवेत धूळ काचेला लई चिकटते. बंद करायच्या आधी काच आतून फुंकणीनं झाड, आयग्लासमधून तिरप्या उजेडात पाहा, पुन्हा झाड. तोंडानं फुंकू नको बाप्पा, थुंकी उडते.

स्टेम कापताना थोडं थोडं कापायचं. मशीन केसमध्ये टाक, चावी लावून किती बाहेर राहते ते मोज, त्याच्यापेक्षा कमी काप, मग कानसनं घासत ये. पेच असलेली चावी असेल तं आत स्प्रिंग असते, पेच सोडल्यावर चावी फिरायला पाहिजे आणि घट्ट केल्यावर मशीनवर दाब यायला नको, दोन्ही तपास. स्टेम काढताना मशीनवर एक बारीक खड्डा असलेला ठिपका असतो, तो हलका दाबायचा. जोरात दाबला तं आतली लिव्हर सरकते आणि मग चावी लागतही नाही, निघतही नाही.

बंद करताना झाकणाच्या रबराला सिलिकॉन ग्रीस लाव, रबर चिमटलं नाही ना पाहा. डायव्हरची केस आहे म्हणून स्विमिंग टँकमध्ये उतरू नको. घरी बंद केलेलं घड्याळ प्रेशर टेस्ट केल्याशिवाय हात धुण्यापुरतं.

चालू झाल्यावर दिवसाला दहा-वीस सेकंद पुढं गेलं तं घाबरू नको, एनएच३५ ला कंपनीच दिवसाला -२० ते +४० सेकंद धरते. मोबाईलवर टायमिंग पाहायचे अ‍ॅप आहेत, त्यात लिफ्ट अँगल नावाचा आकडा विचारतात, तिथं ५३ टाक. बॅलन्सवर (मागंपुढं झुलणारं चाक) दोन बारीक दांड्या दिसतात, एक वेगाची आणि एक बीट एररची, म्हणजे टिक अन् टकमधल्या फरकाची, दुसरीला शिवू नको आणि पहिली पण नुसती टेकवल्यासारखी हलव. एकदम काही मिनिटं पुढं जायला लागलं तं ते बहुतेक चुंबकत्व, मोबाईलच्या स्पीकरजवळ किंवा टॅबच्या कव्हरवर ठेवलं असेल, डिमॅग्नेटायझरनं निघते. आणि रात्री नऊ ते एकच्या मधात तारीख घाईघाईनं बदलू नको, आतल्या चाकांचे दात तुटतात.

राहिला तो डायल. सीकोनं बनवलेला नाही आणि त्यावर सीको लिहिलं आहे, तं तो नकली डायल आहे, एवढं साधं. स्वतःच्या हातावर घालशील तं तू जाण, पण दुसऱ्याला विकायला काढला तं ती फसवणूक, आणि नकली ट्रेडमार्कचा माल कस्टम अडवू शकते, मग पैसे पण गेले. बिननावाचे सुंदर निळे डायल भरपूर आहेत, काहींवर काहीच लिहिलेलं नसते आणि खरं सांगतो तेच जास्त चांगले दिसतात.

ऑर्डर करायच्या आधी केस आणि डायल दोन्हीच्या लिंक इथं टाक, मापं जुळतात का पाहून सांगतो. काटे तोवर मागवू नको, डायल हातात आल्यावर खुणांची उंची पाहूनच घे.