क्रिव्हेल्लीच्या चित्रात काकडी कशाला?

लंडनच्या नॅशनल गॅलरीतलं पंधराव्या शतकातल्या इटालियन चित्रकार कार्लो क्रिव्हेल्लीचं 'अनन्सिएशन' (म्हणजे देवदूत गॅब्रिएल मेरीला ती येशूची आई होणार असा निरोप देतो तो प्रसंग) बघून तुम्ही विचारलंय की देवदूत आणि मेरी कळले, पण खाली सफरचंदाशेजारी काकडी काय करतेय, आणि वरच्या मोराचा अर्थ आपल्या सरस्वतीच्या मोरासारखा लावायचा का.

मोराचं आधी सांगून टाकतो, नाही लावायचा. तिकडे ख्रिस्ती लोकांत जुनी समजूत अशी की मोराचं मांस कुजत नाही, सेंट ऑगस्टिन या जुन्या ख्रिस्ती धर्मपंडितानेसुद्धा हे लिहून ठेवलंय, त्यामुळे मोर म्हणजे अमरत्व. अर्थात सज्जात मोर आणि बाजूला टाकलेला भारीतला गालिचा म्हणजे श्रीमंती थाट पण आहेच, दोन्ही एकदम चालतं.

सफरचंद सोपं आहे, अ‍ॅडम-ईव्हने खाल्लेलं फळ, म्हणजे पाप. काकडी त्याचा उतारा समजा, पुनरुत्थान आणि पापातून सुटका. याचं मूळ बहुतेक जण बायबलमधल्या योनाच्या गोष्टीत शोधतात, तो तीन दिवस माशाच्या पोटात राहून जिवंत बाहेर आला आणि पुढे त्याच्या डोक्यावर सावली धरायला देवाने भोपळ्यासारखा वेल उगवला, ख्रिस्तही तिसऱ्या दिवशी उठला म्हणून जोडी जमली. पण खरं सांगू, क्रिव्हेल्लीच्या बाकीच्या चित्रांतही काकड्या जिथे तिथे लटकलेल्या असतात, जवळजवळ त्याची सहीच म्हणा ना, त्यामुळे या एका काकडीवर मी फार भार टाकणार नाही. ती चित्राच्या कडेवरून बाहेर आल्यासारखी रंगवलीय ती नजरेला फसवायला, हात लावून बघावासा वाटतो.

माझ्या मते तुमच्याकडून निसटलं ते वेगळंच. गॅब्रिएलच्या शेजारी एक बिशप गुडघे टेकून बसलाय बघा, हातात अख्ख्या गावाचं मॉडेल. हा सेंट एमिडिअस, आणि गाव इटलीतलं आस्कोली पिचेनो, ज्याचा तो रक्षक संत. बायबलमधे या प्रसंगात हा कुठेच नाही! मग इथे कसा, तर 1482 मधे पोप सिक्स्टस चौथा याने आस्कोलीला चर्चच्या देखरेखीखाली स्वतःचा कारभार बघायचा हक्क दिला, आणि ती बातमी गावात पोचली 25 मार्चला, नेमकी गॅब्रिएलने मेरीला निरोप दिल्याच्या सणाच्या दिवशी. चित्र 1486 चं, तिथल्याच चर्चसाठी काढलेलं. खालच्या पट्टीवर लॅटिनमधे 'लिबेर्तास एक्लेसिआस्तिका', म्हणजे चर्चच्या छत्राखालचं स्वातंत्र्य, असं लिहिलंय ते ह्याच हक्काबद्दल, सोबत पोप, बिशप आणि गाव यांची चिन्हं, फक्त तोवर सिक्स्टस वारला होता म्हणून पोपचं चिन्ह त्याच्यानंतरचा पोप इनोसंट आठवा याचं आहे.

म्हणून म्हणतो, वस्तू-अर्थ, वस्तू-अर्थ अशी यादी घेऊन उभं राहू नका, आधी चित्र कुणी, कुठल्या गावासाठी काढून घेतलं ते बघा. आभाळातून येणारा सोनेरी किरण भिंतीतल्या छोट्या भोकातून बरोबर मेरीपर्यंत जातो, कुठे काही फुटत नाही, तिचं कौमार्य तसंच अभंग, हा अर्थ कुठल्याही गावात चालला असता. पण परत गेलात तर मागच्या कमानीवर बघा, एक माणूस हातातलं पत्र वाचतोय, जवळच कबुतराचा पिंजरा. म्हणजे खाली मेरीला निरोप आणि त्याच वेळी वर गावाला निरोप. गावकऱ्यांना तर ते पहिल्या नजरेतच कळलं असणार.